खडू न घासलेला जोड

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असे कुणी विचारले तर मी पत्र्याचे काम करणाऱ्या एका मिस्त्रींकडे बोट दाखवतो. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणत असू. ते माझ्या आईचे भाऊ नव्हते. आमच्या गावचे होते, एवढेच. आमचे गाव मंद्रूपच्या पुढे. तिथून मी सोलापूरला कॉलेजात आलो तेव्हा वसतिगृहात जागा मिळाली नाही, म्हणून वडील मला घेऊन मामांच्या खोलीवर गेले. मामा जेवत होते. हात न धुताच म्हणाले, "ऱ्हाऊ दे की हितं." बोलणे तेवढेच झाले. कॉलेजची चार वर्षे आणि त्यानंतरही मी त्या खोलीच्या पुढच्या भागात राहिलो. मामी सकाळी दोन डबे बांधायच्या, एक मामांचा, एक माझा. दोन्हींत सारखेच असायचे.

आमच्या घरात माझ्या आधी कुणाला सही करता येत नव्हती. मी बीएस्सी झालो. निकाल लागला त्या दिवशी मामांनी दुकानात पेढे वाटले. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. वाईटही वाटले नाही. पेढा गोड होता, एवढे आठवते. दुष्काळाची वर्षे नुकतीच सरली होती, घरची माणसे खडी फोडून परत आली होती. त्या काळात माझ्या आतले काहीतरी बधिर होऊन बसले होते, आणि मी त्याला शांतपणा समजत होतो.

नोकरी कुठे लागेना. मामा ज्या दुकानात होते तिथे कूलर बनत आणि दुरुस्त होत. एक दिवस मामांनी मालकांकडे माझा विषय काढला. मालक दुकानाच्या उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसत. घरी कानडी बोलत, दुकानात मराठी.

"बीएस्सी माणूस हितं येऊन काय करणार? पाणी मोजणार का?"

"तक्रारी लिवंल की," मामा म्हणाले. "माझं सांगितलेलं तुमाला पटत न्हाय. लिवलेलं तरी पटंल."

मालक हसले आणि मला उद्यापासून ये म्हणाले.

माझे काम असे होते. तक्रार आली की सायकलवर त्या घरी जायचे, पाणी कुठून गळते ते बघायचे, जमले तर तिथेच दुरुस्त करायचे आणि दुकानातल्या वहीत कारण लिहायचे. मालक वही रोज वाचत. माणसांचे फारसे ऐकत नसत.

कूलर म्हणजे पत्र्याची पेटी. तळाला पाण्याची टाकी, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, चौथ्या बाजूला पंखा. छोटा पंप टाकीतले पाणी वर चढवतो, ते भोकाभोकांच्या पन्हळीतून ताट्यांवर ठिबकते आणि परत टाकीत येते. यात गळायला जागा फार नाही, पण घरच्या माणसांना सगळी गळती टाकीचीच वाटते. आमच्याकडचे पाणी जड. पन्हळीची भोके क्षाराने बुजतात, मग पाणी काठावरून बाहेर सांडते. स्टँडचा एक पाय खचला की पेटी कलते आणि एका बाजूने पाणी उतू जाते. बुचाचा वायसर कडक होतो. पंख्याजवळची ताटी सैल बसली तर वाऱ्याबरोबर थेंब खोलीत येतात. हे सगळे मामांनी मला शिकवले, तेही दुकानात बसून नव्हे. सुरुवातीला ते माझ्याबरोबर घरोघर आले. मला पुढे करायचे आणि स्वतः मागे उभे राहायचे. मी चुकीच्या जागी पाना लावला की फक्त खाकरायचे.

एका गोष्टीत मात्र ते कडक होते. टाकीचे जोड ते कथलाच्या डाखाने बंद करत, आणि जोड गळतो असे म्हणायचे तर आधी खडूची परीक्षा झाली पाहिजे, हा त्यांचा नियम. ताट्या काढायच्या, टाकी रिकामी करून उन्हात वाळवायची, बाहेरून सगळ्या जोडांवर खडू घासायचा आणि आतून जोडांच्या कडेने थोडे रॉकेल सोडायचे. मग थांबायचे. पाणी जिथून जात नाही तिथून रॉकेल जाते. जोड सुटला असेल तिथे पांढऱ्या खडूवर काळपट डाग येतो. डाग आला नाही तर टाकी निर्दोष. या सगळ्याला अर्धा दिवस जाई.

त्या वर्षी मामांची नजर कमी झाली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. आदल्या मोसमात त्यांनी जोडलेल्या दोन टाक्या खरोखरच गळून परत आल्या होत्या. दुकानात दुसरा एक कारागीर होता, तो गॅसने जोड मारायचा, आणि मालकांचा ओढा त्याच्याकडे होता. उन्हाळा सुरू होताना मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "मिस्त्री, आणखी एक टाकी परत आली की तुमी घरी बसा. मी तरी कुणाकुणाला तोंड देऊ?"

मामा "व्हय" म्हणाले आणि कातर उचलून कामाला लागले. गावात त्यांची एक खोली होती, शेत नव्हते. हातातले काम सोडून त्यांच्याजवळ दुसरे काही नव्हते. हे मला पक्के माहीत होते. पुढे जे झाले ते मी अजाणतेपणी केले, असे म्हणायला मला जागा नाही.

एप्रिलमध्ये एका विणकराच्या घरून तक्रार आली. तेलुगू बोलणारे कुटुंब. घराच्या मागच्या भागात चार माग, आणि तिथल्या खिडकीत आमचा कूलर, मामांनी बनवलेला. उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की सूत तुटते, म्हणून त्यांनी तो घेतला होता. घराचा कर्ता माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा असेल. त्याने मला खिडकीखालची ओली जमीन दाखवली. तिथे ठेवलेल्या लाल सुताच्या लडी खालून भिजल्या होत्या आणि फरशीवर रंग उतरला होता.

"वारं आमाला नको, सुताला पायजे म्हणून घेतलं," तो म्हणाला. "तुमी तर सुतालाच आंघोळ घालायला लागले की."

मागे त्याची म्हातारी आई कांड्यांवर सूत भरत बसली होती. सगळे तिला अव्वा म्हणत. ती तेलुगूत काहीतरी बोलली आणि मागावरचे दोघे हसले. काय म्हणाली ते मी विचारले नाही.

मी बुचाचा वायसर बदलला. चार दिवसांनी पुन्हा तक्रार. मी स्टँडच्या पायाखाली फरशीचा तुकडा सरकवून पेटी सरळ केली, पन्हळीची भोके तारेने मोकळी केली. तीन दिवसांनी पुन्हा तक्रार. तिसऱ्या वेळी मी दुपारी दोनला गेलो. कर्ता दारातच उभा होता.

"या साहेब. आज काय बदलणार? खिडकी?"

मी पंप बंद केला. मामांची शिकवण अशी होती की पंप बंद केल्यावर गळती थांबली तर दोष वर आहे, थांबली नाही तर टाकीकडे बघावे. गळती थांबली नाही. डाव्या कोपऱ्यात तळाच्या जोडावर थेंब धरत होता, पडत होता, पुन्हा धरत होता. मी त्याच्याकडे थोडा वेळ बघत बसलो. आता ताट्या काढायच्या, टाकी रिकामी करायची, वाळवायची, खडू घासायचा. मागांचा खडखडाट चालू होता. डोके दुखत होते असेही नाही. मला काहीच होत नव्हते. करावेसे वाटले नाही, एवढेच खरे कारण आहे. बाकीची कारणे मी नंतर शोधली.

दुकानात येऊन मी वहीत लिहिले: टाकीचा तळाचा जोड गळतो, टाकी बदलावी.

मामा माझ्या खांद्यावरून वहीकडे बघत होते. त्यांना अक्षर ओळखता येत नव्हते, पण मी काय लिहितो ते त्यांना माझ्या तोंडाकडे बघून कळायचे.

"खडू घासून बगितलास न्हवं?"

"हो," मी म्हणालो.

"डाग आला?"

"आला."

त्यांनी वहीवरून नजर काढली. मग म्हणाले, "मग बसला नसंल डाख. कोपऱ्यात हात पोचतोय, पर नजर पोचत न्हाय आता." आणि पाणी प्यायला माठाकडे गेले.

माझ्यावर त्यांनी क्षणभरही शंका घेतली नाही. स्वतःवर घेतली.

संध्याकाळी मालकांनी वही वाचली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कारागिराने गॅसने जोडलेली टाकी विणकराकडे गेली, ताट्या घरच्यांनीच काढून परत बसवल्या, जुनी टाकी मागच्या अंगणात भंगारात पडली, आणि मामांना मालकांनी बोलावून घेतले. आवाज चढला नाही. मामांनी आपली कातर, लाकडी हातोडा आणि डाखाची कांब पिशवीत घातली. दुकानातल्या प्रत्येकाला "येतो" म्हणाले. मलाही म्हणाले, जसे काही आम्ही एकाच खोलीत राहत नव्हतो.

आठवड्याभरात ते दोघे गावाला गेले. खोली मामांनी माझ्या नावावर करायला घरमालकाला सांगितले. मी एसटीवर सामान चढवून दिले. मामींनी शेंगाच्या चटणीचा डबा ठेवला होता, तो कुठे ठेवला हे त्यांनी मला दोनदा सांगितले. गाडी निघाली तेव्हा मामांनी खिडकीतून हात केला. मीही केला. मग सायकल घेतली आणि कामावर गेलो. त्या दिवशी तीन तक्रारी होत्या. तिन्ही सोडवल्या. जेवलो. झोप आली. मला वाईट वाटायला हवे होते हे कळत होते, पण दुसऱ्या कुणाला तरी वाईट वाटायला हवे असे कळावे, तसे कळत होते.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी विणकराच्या घरचा कर्ता स्वतः दुकानात आला. मालक खुर्चीवर होते.

"शेठ, टाकी नवी दिली. लई उपकार झाले. पाणी मात्र जुनंच हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे गळतंय की. त्याच कोपऱ्यात."

मालकांनी माझ्याकडे बघितले. मी सायकल काढली.

या वेळी मी घाई केली नाही. करण्यासारखे काही उरलेच नव्हते. टाकी काठोकाठ भरून घेतली, पंप बंद ठेवला आणि खाली बसलो. थेंब पडत होते. अव्वाने मला पाणी दिले. तासाभराने मी टाकीत वाकून बघितले, पाणी उतरले होते. आणखी थोड्या वेळाने थेंब पडायचे थांबले. टाकीत मात्र अर्ध्याहून जास्त पाणी शिल्लक होते. तळाचा जोड गळत असता तर गळती अर्ध्यावर थांबली नसती. पाणी वरून कुठून तरी बाहेर येत होते आणि पत्र्यावरून ओघळत खालच्या कडेला थेंब धरत होते.

मी डाव्या बाजूची ताटी बाहेर काढली. ताटीच्या चौकटीत वाळा नव्हताच. सूत होते. मागावरून उतरलेले, तुटलेले, गाठी पडलेले सूत गच्च भरले होते. त्याचा खालचा गोळा टाकीत जवळजवळ अर्ध्यापर्यंत लोंबत होता, टाकी भरली की पाण्यात बुडत होता, आणि काही पदर चौकटीच्या फटीतून बाहेर येऊन टाकीच्या काठावरून पत्र्यावर लोंबत होते. वरून सुताची लव बसून ते सगळे एकाच रंगाचे झाले होते. त्या घरात प्रत्येक वस्तूवर लव असते. मी तीन वेळा ते बघितले होते आणि धूळ समजलो होतो.

"हे कुणी भरलं?"

"मी," अव्वा म्हणाली. "तुमच्या वाळ्याचे काड्या उडतेत. सुतात अडकतेत. धागा तुटतंय. मग काढून टाकलं. घरात सूत काय कमी हाय का? गार पण लई होतंय त्यानं."

"मला सांगितलं का नाही?"

तिने हातातली कांडी ठेवली. "तू इचारला कुटं? तू बुचाला इचारत होता."

तिचा मुलगा हसला. तिचे काही चुकले नव्हते. त्या घरात सुताने मशीन पुसायचे, सुताच्या वाती वळायच्या, उशीत सूत भरायचे. ताटीत सूत भरणे ही त्यांना सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. आणि कापसाचे सूत पाणी वर ओढते आणि काठावरून पलीकडे उतरवते, हे मी शाळेत केशाकर्षणाच्या धड्यात शिकलो होतो, कॉलेजात प्रयोगवहीत आकृती काढून सही घेतली होती. मामांचा नियम पाळला असता तर धड्याचीही गरज नव्हती. त्यांच्या परीक्षेची पहिली पायरीच ताट्या काढणे ही होती.

मी बाहेर लोंबणारे पदर कापले, गोळा पाण्याच्या वर उचलून चौकटीला आतून जाळी बांधली. गळती थांबली. पुन्हा तक्रार आली नाही.

दुकानात परत आल्यावर मी मागच्या अंगणातून मामांची टाकी काढली. धुतली, उन्हात ठेवली. सगळ्या जोडांवर खडू घासला, आतून रॉकेल सोडले आणि तिच्याजवळ बसून राहिलो. ऊन उतरेपर्यंत बसलो. खडू पांढराच राहिला. डाव्या कोपऱ्यातला जोड मी बोटाने चाचपून बघितला. डाख इतका सारखा बसला होता की पत्रा कुठे संपतो आणि डाख कुठे सुरू होतो ते बोटाला कळत नव्हते. ज्याला दिसत नव्हते त्या माणसाने ते केले होते.

मी मालकांना सगळे सांगितले. खोटे बोललो तेही सांगितले. ते ऐकत होते आणि खडूकडे बघत होते.

"बरं झालं कळलं," ते म्हणाले. "पण ग्रॅज्युएट, पहिल्या दोन टाक्या तर गळल्याच होत्या की. आज ना उद्या हे होणारच होतं."

"ही टाकी गळली नव्हती."

"न्हाय ना. मी कुटं गळली म्हणतोय. पण त्यांना आता परत बोलावून काय करू? डोळे कुठून आणू?"

वहीत त्या दिवसाच्या नोंदीपुढे मी दुरुस्ती लिहिली. मालकांनी ती वाचली आणि पान उलटले.

गावाहून येणाऱ्यांकडून कळत होते की मामा पारावर बसतात, आणि कुणी काम घेऊन आले तर "माझ्या हातचं आता गळतं" म्हणून परत पाठवतात. कुणाची घागर, कुणाचा पोहरा. फुकट करतो म्हटले तरी करत नाहीत. हे ऐकल्यावर प्रथमच मला काहीतरी झाले. दुःख म्हणता येणार नाही. बधिर हाताला मुंग्या येतात तसे काहीसे.

गावी जाऊन समोर सांगावे असे ठरवले. एका रविवारी एसटी स्टँडवर गेलोही. पण मला माहीत होते की मामा मला बोलू देणार नाहीत. मामींना भाकरी टाकायला सांगतील, नोकरीचे विचारतील, आणि मी जेवून परत येईन. म्हणून पत्र लिहिले. मामांची पत्रे गावातला पोस्टमन पारावरच वाचून दाखवतो हे मला ठाऊक होते. सगळे गाव ऐकणार हेही ठाऊक होते. पत्राची नक्कल मी ठेवली नव्हती, पण ते इतक्या वेळा लिहून फाडले होते की शब्द पाठ आहेत.

मामांना आणि मामींना नमस्कार.

मी बरा आहे. खोली स्वच्छ ठेवतो.

विणकराच्या घरची टाकी गळत नव्हती. तुमचा जोड पक्का होता. त्यांनी ताटीत वाळ्याऐवजी सूत भरले होते, त्या सुताने पाणी बाहेर काढले. नव्या टाकीतूनही तसेच गळले, तेव्हा कळले.

तुम्ही मला विचारले होते की खडू घासून बघितलास का. मी हो म्हणालो. मी बघितले नव्हते. डाग आला असेही म्हणालो. मी खडू पिशवीतून काढलाही नव्हता. कंटाळा केला आणि खोटे बोललो. तुम्हाला घरी बसवतील हे मला तेव्हा माहीत होते.

नंतर मी तीच टाकी वाळवून, खडू घासून, रॉकेल सोडून बघितली. संध्याकाळपर्यंत थांबलो. एकही डाग आला नाही. मालकांना सांगितले आणि वहीत लिहिले. मालक परत बोलावतील असे वाटत नाही, म्हणून तशी आशा दाखवत नाही.

तुमच्या हातचे गळत नाही. कुणी घागर आणली तर परत पाठवू नका.

मला क्षमा करावी असे मी लिहीत नाही. तुम्ही कराल, आणि मग त्यावर बोलणे बंद होईल.

पोस्टमनकाकांना विनंती की हे पत्र मामांना मोठ्याने वाचून दाखवावे, मधले काही सोडू नये. मामांनी पुरे म्हटले तरी शेवटपर्यंत वाचावे.